आवाज नेमका फाटतो कुठे? ट्यूब ॲम्पविषयी प्रश्नोत्तरे

ट्यूब ॲम्पबद्दल, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरबद्दल, आलेल्या प्रश्नांतले सहा या वेळी घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी मला उत्तर देताना पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे यावं लागलं: ॲम्प व्हॉल्यूमच्या कितव्या आकड्यावर फाटायला लागतो, म्हणजे त्याचा स्वच्छ आवाज खरखरीत व्हायला लागतो, आणि फाटताना त्याचा कोणता भाग आधी हार मानतो. हे कळलं की ब्रँडची नावं आपोआप जागेवर बसतात.

प्रश्न : फेंडर, व्हॉक्स आणि मार्शल ही तीनच नावं सगळीकडे ऐकू येतात. व्हिडिओत फरक कळतो, पण तो कशामुळे पडतो ते कळत नाही. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) आहे. कोणता घेऊ? (नाशिक)

फेंडरपासून सुरू करू. ट्विन रिव्हर्ब आणि डीलक्स रिव्हर्ब हे दोन्ही १९६३ सालचे. ट्विनमध्ये चार ६एल६ पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब), ८५ वॉट, बारा इंची दोन स्पीकर. ड्रमर कितीही जोरात वाजवो, ट्विन स्वच्छच राहतो. डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, दोन ६व्ही६ आणि बारा इंची एक स्पीकर. तो पाच-सहावर नेला की कडा खरखरीत व्हायला लागतात. दोघांतही टोनची रचना अशी आहे की मधले सूर आपसूक मागे जातात. वर काचेसारखी चमक आणि खाली भरीव खर्ज उरतो. म्हणून गायकाच्या आवाजाला जागा मिळते. मात्र दोन गिटारवाले असलेल्या बँडमध्ये हीच गिटार हरवते. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवण्याआधी बेस आणि ट्रेबल कमी करून बघा. मधले सूर तेवढ्यानेच पुढे येतात.

व्हॉक्स इंग्लंडमधल्या डार्टफर्डचा. टॉम जेनिंग्ज यांची कंपनी, डिझाइन डिक डेनी यांचं. आधी एसी१५ आला. मग प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात द शॅडोज या बँडला तो पुरेना, म्हणून एसी३०. यात चार ईएल८४ ट्यूब आहेत आणि पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक नाही. ॲम्पच्या शेवटच्या टोकाचा थोडा सिग्नल मागे आणून चुका दुरुस्त करायची जी सोय फेंडरमध्ये असते, ती इथे ठेवलेलीच नाही. त्यामुळे स्वच्छ आणि फाटलेला यांच्यात ठळक सीमा राहत नाही. तार हळू छेडली तर आवाज झुळझुळतो, जोरात छेडली तर गुरगुरतो, आणि दोन्ही एकाच सेटिंगवर. सेलेस्चन कंपनीचा ॲल्निको चुंबकाचा निळा स्पीकर या आवाजाचा मोठा हिस्सेदार आहे. क्वीन बँडचा ब्रायन मे एसी३०चा नॉर्मल चॅनल भरपूर वाढवून ठेवतो, पुढे ट्रेबल बूस्टर (ट्रेबल वाढवणारं पेडल) लावतो आणि स्वच्छ आवाज हवा तेव्हा गिटारचाच व्हॉल्यूम उतरवतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: एसी३०वरचं 'कट' बटण उलटं चालतं. ते वाढवलं की ट्रेबल कमी होतो. एसी३० कर्कश वाटतो म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ते शून्यावर ठेवलेलं असतं.

मार्शलची गोष्ट मला सगळ्यांत जास्त शिकवणारी वाटते. जिम मार्शल ड्रमर आणि ड्रमचे शिक्षक. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून येणारे फेंडर तिथे फार महाग पडत. १९६२मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी दुकानासाठी जो ॲम्प बांधला, त्याचं सर्किट जवळपास जसंच्या तसं फेंडर बासमनचं, ५एफ६-ए मॉडेलचं होतं. तोच जेटीएम४५. कागदावर दोन्ही शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. कानाला मात्र तो पहिल्याच कॉर्डला कळतो. कारणं बघा. बासमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७, मार्शलमध्ये ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७. तिची वाढवण्याची ताकद दुपटीहून जास्त, त्यामुळे पुढचे टप्पे लवकर भरतात. बासमनला दहा इंची चार स्पीकर आणि मागून उघडी पेटी; मार्शलला बारा इंची चार सेलेस्चन आणि बंद पेटी. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले. पुढे १९६६च्या सुमारास पॉवर ट्यूब म्हणून ईएल३४ आल्या आणि मधल्या सुरांना तो चावरेपणा मिळाला, ज्याला आज आपण मार्शलचा आवाज म्हणतो. म्हणून नुसतं सर्किट बघून ॲम्प घेऊ नका. स्पीकर आणि पेटी बदलली की ॲम्प बदलतो.

स्ट्रॅटसाठी माझं मत स्पष्ट आहे: पहिला ॲम्प डीलक्स रिव्हर्बच्या घराण्यातला घ्या. सिंगल कॉइलची (स्ट्रॅटच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) चमक तो जपतो आणि पेडल उत्तम घेतो. कॉर्ड मोकळ्या सोडून, एकेक तार उलगडत वाजवणं हे तुमचं मुख्य काम असेल तर एसी१५ बघा. मार्शल मला हमबकरसोबत (दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपसोबत) जास्त आवडतो.

प्रश्न : एसी३० 'क्लास ए' आहे म्हणून त्याचा आवाज तसा, हे खरं का? (डोंबिवली)

अर्धंच खरं. हळू वाजवताना तो क्लास एमध्ये चालतो, म्हणजे पॉवर ट्यूबमधून करंट सतत वाहतो. पूर्ण जोरात गेला की क्लास एबीमध्ये जातो, म्हणजे ट्यूब आळीपाळीने थोडा वेळ बंद होतात. आवाजाचं श्रेय कॅथोड बायस (ट्यूबचा स्थिर करंट आपोआप ठरवणारी जोडणी), फीडबॅक नसणं, ईएल८४ आणि तो निळा स्पीकर यांना द्या. जाहिरातीत 'क्लास ए' वाचून जास्त पैसे मोजू नका.

प्रश्न : कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. शंभर वॉटचं जुनं मार्शल हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) चांगल्या किमतीत मिळतंय. पन्नास वॉटचं घेतलं तर आवाज निम्मा होईल ना? (पुणे)

नाही होणार. शंभराचे पन्नास वॉट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे शंभराचे दहा वॉट. गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. चांगला बारा इंची स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ९७-९८ डेसिबल देतो. म्हणजे एक वॉटही शेजाऱ्यांना पुरेसा आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला मिळतंय ते हेड मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी करणारं बटण) नसलेलं, जुन्या प्लेक्सी पद्धतीचं, म्हणजे साठच्या दशकातल्या मार्शलसारखं असेल, तर त्याचा आवाज पॉवर ट्यूब राबल्याशिवाय येत नाही. दोनवर ठेवलंत तर हाती पडेल तो त्याच्या खऱ्या आवाजाचा सांगाडा. १९७५च्या २२०३ मॉडेलपासून मार्शलने मास्टर व्हॉल्यूम दिला आणि १९८१पासून तेच सर्किट जेसीएम८०० म्हणून विकलं. त्यात फाटण्याचं बरंचसं काम प्रीॲम्पमध्ये, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या टप्प्यांत होतं, त्यामुळे खालच्या आवाजातही गुरगुर मिळते. तरीसुद्धा शंभर वॉट फ्लॅटसाठी नाहीतच.

हेड घ्यायचंच ठरवलं असेल तर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर (ताकदीचा काही भाग खाऊन आवाज कमी करणारी पेटी) लावा, किंवा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार देणारी पेटी) घेऊन हेडफोनवर वाजवा. दोन्हींचा ओहम ॲम्पच्या ओहमशी जुळलाच पाहिजे. आणि स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि जुन्या मार्शलची निम्मी किंमत त्यातच असते.

मला विचाराल तर पाच वॉट किंवा त्याहून लहान, मास्टर व्हॉल्यूम असलेला ॲम्प घ्या आणि जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. खालच्या मजल्यावर स्लॅबमधून खर्जच जातो.

प्रश्न : ट्वीड डीलक्सचं, ५ई३चं किट आणून स्वतः बांधलं. चारपर्यंत आवाज सुंदर. पुढे खर्ज ढिला होऊन सगळं गिचमिड होतं. बांधणीत चूक असेल का? (कोल्हापूर)

आधी अभिनंदन. चूक असण्याची शक्यता कमी आहे, कारण तुम्ही वर्णन केलंय तो ५ई३चा स्वभावच आहे. १९५५ ते १९६० या काळातला हा फेंडरचा ॲम्प. दोन ६व्ही६, कॅथोड बायस, ५वाय३ रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) आणि फार तर पंधरा वॉट. चारच्या पुढे आवाज वाढत नाही, फक्त दाट होत जातो. जोरात कॉर्ड मारली की रेक्टिफायरला तेवढा करंट पुरवता येत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग सावरतं. त्यामुळे सूर आधी दबतो आणि मागाहून फुलतो. गायक-गिटारवादक नील यंग १९५९चा असाच डीलक्स अनेक दशकं वापरतोय. त्याने तर बटणं पायाने फिरवता यावीत म्हणून मोटारीवर चालणारं एक यंत्र बनवून घेतलं, कारण या ॲम्पचा प्रत्येक आकडा वेगळा वाजतो.

आता हे करून बघा. गिटार एका चॅनलमध्ये असू द्या आणि ज्यात काहीच लावलेलं नाही त्या दुसऱ्या चॅनलचा व्हॉल्यूम हळूहळू फिरवा. आवाजाची जाडी, ट्रेबल आणि जोर, तिन्ही बदलतील. दोन्ही व्हॉल्यूम अशा रीतीने जोडलेले आहेत की एक दुसऱ्यावर भार टाकतो. म्हणजे तुमच्याकडे टोनचं एक जास्तीचं बटण आहे, ज्यावर तसं लिहिलेलं नाही. मग गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा. मानेजवळचा हमबकर वापरत असाल तर पुलाजवळच्या पिकअपवर जा. एवढ्याने निम्मं गिचमिड जाईल.

उरलेल्यासाठी किटमधली पहिली ट्यूब तपासा. मूळ जागी १२एवाय७ हवी. अनेक जण तिथे १२एएक्स७ घालतात आणि मग ॲम्प दोनवरच फाटतो. तरी खर्ज ढिला राहिला तर पहिल्या टप्प्यानंतरचे ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून दुसऱ्यात सिग्नल नेणारे) काढून ०.०२२चे लावा. खर्ज आवळला जाईल. पण मूळ कपॅसिटर जपून ठेवा. सहा महिन्यांनी तो सैलपणाच हवासा वाटेल, अशी शक्यता मला मोठी दिसते.

आणि हे कळकळीने सांगतो: काम करण्याआधी फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटर लावून खात्री करा. प्लग काढल्यावरही तिथे तीनशेहून जास्त व्होल्ट उरलेले असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात.

प्रश्न : पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परततोय. इथे घेतलेला डीलक्स रिव्हर्ब आणू का, की विकून टाकू? (न्यू जर्सी)

आणा. पण तयारीने आणा. आधी मागची पट्टी वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर थेट २३०च्या सॉकेटमध्ये लावायचा नाही. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालणार नाहीत. खरा, जड, तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि पट्टीवर जितके वॉट लिहिलेत त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. डीलक्स रिव्हर्बला ५०० व्हीए पुरेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यातही असे बांधून मिळतात.

बांधून घेताना दोन गोष्टी आग्रहाने मागा. पहिली अर्थिंग. स्वस्त स्टेपडाउनमध्ये आउटपुटला दोनच पिना असतात आणि अर्थ तिथेच तुटतो. मग गिटारच्या तारांना हात लावून ओठ मायक्रोफोनला टेकले की झटका बसतो. भिंतीतली अर्थ ॲम्पच्या चॅसीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) पोचलीच पाहिजे, आणि घरातली अर्थिंग नावापुरती आहे की खरी, तेही वायरमनकडून तपासून घ्या. दुसरी गोष्ट आउटपुटची. तो १२०ऐवजी ११५च्या आसपास मागा. आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २५०वर गेलं तर १२०चा स्टेपडाउन १३० देईल आणि ट्यूबच्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ६.८ मिळतील. रोज असं झालं तर ट्यूबचं आयुष्य घटतं.

एक भाग स्टेपडाउनने सुटत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, इथे ५०. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. पट्टीवर ५०/६० असेल तर काळजी नको. फक्त ६० असेल तर पहिले काही दिवस तासाभराने ट्रान्सफॉर्मरजवळ हात नेऊन बघत जा. चटका बसण्याइतका तापत असेल तर चांगल्या टेक्निशियनकडून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. जुना सांभाळून ठेवा. मूळ भागांसकट ॲम्पची किंमत वेगळी असते.

आणि तो साठच्या दशकातला खरा जुना ॲम्प असेल तर निघण्याआधी तिथेच दोन पिनांची वायर बदलून तीन पिनांची लावून घ्या आणि मेन्सपासून चॅसीला जोडलेला कपॅसिटर काढून टाका. तो बिघडला तर चॅसीत करंट येतो.

प्रश्न : लग्नसराईत आठवड्यातून तीन-चार वेळा वाजवतो. ट्यूब कधी बदलायच्या, आणि स्वतः बदलल्या तर चालतात का? (म्हापसा)

तारखेवर बदलू नका, कानावर बदला. पॉवर ट्यूब थकल्या की खर्जातला आवळपणा जातो, जोर कमी होतो आणि सगळा आवाज झाकल्यासारखा वाटतो. लहान प्रीॲम्प ट्यूब बिघडली तर कुरकुर किंवा शिट्टी येते. ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेका लहान ट्यूबवर हलकी टिचकी मारा. जी स्पीकरमधून घंटेसारखी वाजेल ती बदला. काचेच्या आत निळसर झाक दिसणं बहुधा साधी गोष्ट आहे. पण आतली राखाडी पट्टी लालभडक तापलेली दिसली तर त्या क्षणी ॲम्प बंद करा, गाणं अर्धवट राहिलं तरी.

प्रीॲम्प ट्यूब खुशाल स्वतः बदला. ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर, हलक्या हाताने. पॉवर ट्यूब जोडीने, जुळवलेल्याच घ्या. ॲम्प कॅथोड बायसचा असेल, म्हणजे एसी१५ किंवा एसी३०सारखा, तर बायस लावायची गरज नसते. फिक्स्ड बायसचा (करंट हाताने ठरवावा लागणारा) असेल, म्हणजे फेंडर ट्विन किंवा मार्शलसारखा, तर टेक्निशियनकडून बायस लावून घ्या. लग्नसराईत वाजवता, तर पेटीत एक १२एएक्स७ आणि पॉवर ट्यूबची एक जोडी कायम ठेवा, सोबत योग्य किमतीचे फ्यूज.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या ट्यूब स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधल्या असतात. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओसाठी ट्यूब बनत, ईसीसी८३ आणि ईएल८४सुद्धा. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अजून एखादा डबा निघतो. मिळाल्या तर जरूर घ्या, पण ट्यूब टेस्टरवर तपासून, आणि पहिल्यांदा घरी वाजवून. थेट मांडवात नको.