‘क्रॅक इन द वर्ल्ड’ (१९६५) या सिनेमात दाखवलाय तसा अणुस्फोटाने पृथ्वीला तडा जाऊ शकतो का?

नाही, आपल्या कुठल्याच बॉम्बमध्ये तेवढी ताकद नाही. सिनेमात शास्त्रज्ञ भूगर्भातली उष्णता मिळवण्यासाठी आफ्रिकेत खोल विवर खणून, तोंड खाली केलेलं अणुक्षेपणास्त्र त्यात सोडतात आणि तडा पृथ्वीभर धावत सुटतो (दृश्य झकास आहे, विज्ञान नाही). १९६० साली चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे ८०० ते १,००० किलोमीटर लांबीचा भ्रंश (खडकांतली भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात) सरकला, आणि बाहेर पडलेली ऊर्जा ५० मेगाटनच्या ‘झार बॉम्बा’ या आजवरच्या सर्वांत मोठ्या बॉम्बच्या कित्येक पट होती, तरी पृथ्वी दुभंगली नाही. प्रत्यक्ष प्रयोगही झालाय: १९७१ मध्ये अमेरिकेने अलास्काच्या अम्चिट्का बेटाखाली सुमारे १,८०० मीटर खोलीवर जवळपास ५ मेगाटनचा स्फोट केला. वरची जमीन खचली, खड्ड्यात पाणी साचून तळं झालं, बस्स. शिवाय पृथ्वीच्या कवचाखाली शिलारसाचा (वितळलेल्या खडकाचा) समुद्र नसतो. कवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, बहुतांशी घन खडकच आहे.

मात्र आधीच ताणाखाली असलेला भ्रंश माणूस डिवचू शकतो. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला भूगर्भातल्या उष्णतेसाठीच खोल विवरात दाबाने पाणी सोडलं, तेव्हा ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबवावं लागलं. १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंधही बरेच भूशास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात.