धनुष्कोटी की धनुष्कोडी?

रामेश्वरला जाऊन आलेल्या एकांचा प्रश्न : तिथून जवळच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या पाटीवर 'धनुष्कोडी', पोथीत 'धनुष्कोटी'. खरं कुठलं? आणि ही 'कोडी' कोड्यातली का?

कोड्याशी काही नातं नाही. दोन्ही रूपं एकाच शब्दाची आहेत. तमिळ लिपीत ट आणि ड यांना मिळून एकच अक्षर. दोन स्वरांच्या मध्ये ते आलं की उच्चार ड होतो. तमिळ माणूस शंभर लाखांनाही 'कोडी'च म्हणतो.

संस्कृतात कोटि म्हणजे टोक, त्यातही धनुष्याचं, जिथं दोरी अडकवतात ते. हा अर्थ मराठीत आपण विसरलोय, पण 'पराकोटीचा संताप' म्हणतो तेव्हा पार टोकाला गेलेलाच संताप असतो. चतुष्कोण, निष्कारण यांत जो ष् येतो तोच इथं धनुस् च्या पुढे क आल्यामुळे आला. म्हणून कोटी लिहा नाहीतर कोडी, 'धनुषकोडी' मात्र नको.

कथा अशी, की लंकेहून परतताना विभीषणाच्या विनंतीवरून रामानं धनुष्याच्या टोकानं सेतू मोडला. दुसरी कथा नेमकी उलटी : सेतू कुठून बांधायचा ती जागा त्यानं धनुष्याच्या टोकानं दाखवली. मला मात्र जमिनीचा आकार जास्त बोलका वाटतो. रामेश्वर ज्यावर आहे ते पांबन बेट निमुळतं होत होत इथं वाळूची नुसती पट्टी उरते. एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. तमिळमध्ये जमिनीच्या टोकालाही कोडीच म्हणतात. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला 'कोडियक्करै' आहे, तिथंही हीच कोडी, आणि करै म्हणजे किनारा.

गाव एकेकाळी गजबजलेलं होतं. गाडीतून उतरून बोटीनं सिलोनला, तलैमन्नारला जाता येई. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळानं ते बुडवलं, पांबनहून येणारी गाडी उतारूंसकट गेली. पुढे सरकारनं जागा वस्तीला अयोग्य ठरवली. आता चर्चच्या भिंती, स्टेशनचे अवशेष आणि कोळ्यांच्या काही झोपड्या. 2017 पासून डांबरी रस्ता थेट शेवटापर्यंत जातो. त्या शेवटाचं नाव अरिचल मुनै. मुनै म्हणजे पुन्हा टोकच.