वाचकांचे प्रश्न : माळावरचे चंडोल

प्रश्न : नान्नजच्या माळावर चिमणीएवढे, मातकट पक्षी दिसतात. त्यांत चंडोल कोणते? - एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी डोकं बघा. टोकदार शेंडी असेल तर तो नक्की चंडोल; पण काही चंडोलांना शेंडी नसते. आपल्या माळावर साइक्सचा चंडोल असतो. त्याची छाती तांबूस, रेघा मोजक्याच.

शेंडी नाही, पण नराचं पोट काळं, डोक्यावर राखी टोपी, डोळ्यातून काळी पट्टी? तो डोंबारी, माझा सगळ्यात लाडका! सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीजवळ आला की पुन्हा वर. मादी मात्र साधी, चिमणीसारखी; जोडी बघितल्याशिवाय नाव सांगू नका. तांबड्या शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असेल तर तो तांबूस शेपटीचा चंडोल. नांगरलेल्या रानात हमखास. सडपातळ, सारखी शेपटी हलवणारी ती तिरचिमणी, चंडोल नव्हे.

हे सगळे भुईवरच घरटं करतात. डोंबारीचं तर ढेकळाच्या आडोशाला, काठाला बारीक खडे लावलेलं. म्हणून कळकळीनं सांगतो, माळावर गाडी वाटेवरच ठेवा, चालताना पायाखाली बघा. ‘पडीक जमीन’ म्हणून सगळीकडे झाडं लावू नका. यांना उघडं गवतच लागतं.