पिनच्या बोअरपाशी लिंक तडकत असेल तर आधी तिचं टोक कापून बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शिरोलीत 20 टनी पोकलेनच्या चेनच्या, 190 मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) लिंका करताय. माल फोर्जिंगचा, इंडक्शन (कॉईलनं तापवून वरचा थर कडक करणं) बाहेरून. मशीन खाणीत गेलं की काही आठवड्यांत पिनच्या बोअरपासून (भोकापासून) वर रेलकडं, म्हणजे रोलर ज्यावरून चालतो त्या पृष्ठभागाकडं, चीर जाते. गिऱ्हाईक म्हणतं हार्डनेस कमी पडतोय, म्हणून तुम्ही कडक थर 8 वरून 12 मिमी करायच्या किंवा सरळ मँगनीज स्टीलला जायच्या विचारात आहात. दोन्ही करू नका. निदान लिंकचं टोक कापून बघेपर्यंत तरी नको. या दुखण्यानं आमची बरीच वर्षं खाल्ली आहेत म्हणून एवढं ठासून लिहितोय.

मी धातुशास्त्र शिकलेला माणूस नाही. फोर्जिंग, मशीनिंग आणि चेन असेंब्ली एवढंच आयुष्यभर केलं. तुमची लिंक हातात घेतलेली नाही, तेव्हा खालचं सगळं तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला दाखवा आणि मगच हात घाला.

पिच, बुश, सील वगैरे मूलभूत गोष्टी सोडतो, तुम्हाला त्या येतात हे पोस्टवरून दिसतंय.

लिंक जमिनीवर चालायला लागायच्या आधीच अर्धी थकलेली असते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पिन प्रेसनं ठोकून बसवतो ना आपण, तिथंच. समजा बोअर 38 मिमी, भोवतीचा बॉस (जाड भाग) 70 मिमी आणि इंटरफेरन्स, म्हणजे पिन बोअरपेक्षा जितकी जाड ते, 0.12 मिमी. लामेच्या (जाड नळीतल्या ताणाच्या) जुन्या सूत्रात आकडे टाकून बघा, बोअरच्या कडेला सुमारे 420 मेगापास्कलचा ताण कायमचा बसतो. गाभ्याचा कडकपणा 300 ब्रिनेलच्या आसपास असेल तर त्या स्टीलची तन्य ताकद 1000 मेगापास्कलच्या आसपास असते, आणि यील्ड, म्हणजे स्टील कायमचं वाकायला लागतं तो ताण, त्याहून कमी. म्हणजे मशीन अजून शेडमध्ये उभं आहे आणि यील्डचा निम्मा हिशेब संपलासुद्धा. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून धाव चढवतो, ती गार झाल्यावर जशी आयुष्यभर ताणलेली राहते, तशी ही बोअरची कड.

आता वरून इंडक्शन. रेलचा पृष्ठभाग कडक होताना फुगतो, त्यामुळं वरचा थर दाबाखाली राहतो. ते चांगलंच, चीर सुरू होत नाही. पण दाब फुकट मिळत नाही. त्याची भरपाई थराच्या लगेच खाली ताणाच्या पट्ट्यानं होते. कडक थर जिथं संपतो आणि मऊ गाभा सुरू होतो, बरोबर तिथं हा पट्टा असतो. थर 8 वरून 12 मिमी केलात की हा पट्टा 4 मिमी खाली, बोअरकडं सरकतो. पिनचा ताण आणि इंडक्शनचा ताण एकाच जागी आले की तिथं जे व्हायचं तेच तुमच्याकडं होतंय. वर रोलरचा मार आहेच. पोकलेन बकेटनं दगड उपटतं तेव्हा मशीनचं वजन सगळ्या रोलरवर सारखं कुठं बसतंय? पुढच्या दोन-तीन रोलरवर येतं आणि त्यांच्याखालची लिंक ते सोसते.

खरी गोम मात्र रेलच्या टोकांत आहे. कॉईल रेलच्या मधोमध असते तेव्हा उष्णतेला पुढं-मागं पळायला जागा असते. टोकाला आली की जागा संपते, उष्णता साठते. त्यात शेजारच्या लिंकवर ओव्हरलॅप घ्यायचा म्हणून टोकाला रेल अरुंद, म्हणजे लोखंडही कमी. मध्ये 8 मिमी थर असलेल्या लिंकला टोकाला 11-12 मिमी सहज सापडतो. आणि टोकाच्या खाली काय असतं? एका बाजूला पिनचा बोअर, दुसऱ्या बाजूला बुशचा, म्हणजे पिनेभोवतीच्या नळीचा.

आमच्या वेळी नेमकं हेच झालं, आणि त्याहून जास्त डोकं खाल्लं ते एका ऑफिसनं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. माल घेणाऱ्यांचा तपासणी विभाग होता. ड्रॉइंगवर छेद अ-अ दाखवलेला, तो रेलच्या बरोबर मध्ये. त्यांचा माणूस यायचा, लॉटमधली एक लिंक उचलायचा, अ-अ वर कापायची, घासायची, नायटल (थर दिसावा म्हणून लावायचं आम्ल) लावायचं, थर मोजायचा, पास. कागद स्वच्छ. मग महिन्या-दोन महिन्यांनी तडकलेल्या लिंका परत आणि सोबत डेबिट नोट. कारण काय लिहिलेलं? "असेंब्लीत जास्त दाबानं पिन बसवल्यामुळे." म्हणजे हार्डनिंग त्यांच्याच तपासणीत पास, तेव्हा दोष प्रेसवाल्याचा. प्रेसच्या दाबाचे चार्ट नेऊन दाखवले, म्हणाले ते आमच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत. टोकाचा छेद कापून नेला. त्या तुकड्यावर थराची सीमा बोअरच्या वरच्या कडेपासून नखाएवढ्या अंतरावर आलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती, आणि चीर तिथूनच निघालेली. साहेबांनी तुकडा हातातही घेतला नाही. "हा छेद ड्रॉइंगवर नाही. ड्रॉइंगवर नसलेल्याचा अहवाल आम्ही देऊ शकत नाही." बदल हवा तर डेव्हिएशनचा फॉर्म भरा, तो डिझाइनकडं जाईल. डिझाइन विभाग म्हणायचा, आधी तपासणीचा अहवाल जोडा. झालं, गोल गोल फिरा. तोपर्यंत लॉट चालूच, डेबिट चालूच. त्या माणसांशी भांडण नाही, त्यांना कागदाबाहेर बघायची मुभाच नसावी. पण तुमच्या वाट्याला असलं ऑफिस आलं तर तोंडी बोलू नका, प्रत्येक तुकड्याचा फोटो तारीख टाकून मेलनं पाठवत राहा.

म्हणून माझा आग्रह एकच. थर किती खोल हवा यापेक्षा तो कुठं थांबला पाहिजे हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. माझ्या मते (इथं वाद घालणारे भेटतील, घालू द्या) ड्रॉइंगवर तीन छेद हवेत: मध्ये एक, पिनच्या बोअरवर एक, बुशच्या बोअरवर एक. मध्ये थराची किमान खोली द्या, दोन्ही टोकांना कमाल. आणि थराची सीमा ते बोअरची कड यात निदान किती मऊ लोखंड शिल्लक हवं, तो आकडा वेगळा लिहा. मी शक्यतो थराइतकंच मऊ लोखंड मागतो. पुस्तकात हा नियम मिळणार नाही, अनुभवाचा आहे.

इंडक्शनवाल्याला सांगायचं ते असं: टोकाजवळ कॉईलचं अंतर वाढव, किंवा स्कॅनिंग असेल तर टोकाला वेग वाढव आणि शेवटचे काही मिमी मऊच सोड. टोकं जरा लवकर घासतील, गिऱ्हाईक कुरकुर करेल. करू दे. घासलेली लिंक बदलता येते. तडकलेली लिंक चेन घेऊन जाते, कधी शेजारचा रोलरही.

आणि टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं. रेल 50 ते 55 रॉकवेल सी केली की त्याच पाळीत, शक्यतो तास-दोन तासांत, 180 ते 200 अंशांवर टेम्पर झाली पाहिजे. जॉब वर्कवाल्याकडं सुट्टीच्या आदल्या रात्री लॉट क्वेंच होतो (तापवून झटकन गार केला जातो) आणि भट्टी भरत नाही म्हणून दोन दिवस तसाच पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा लॉटमध्ये चिरा नंतर पडतात, तपासणी झाल्यावर, कधी पिन बसवल्यावर दुसऱ्या दिवशी. लॉट कधी क्वेंच झाला आणि कधी टेम्पर झाला, दोन्ही वेळा चलनावर लिहून मागा. लिहीत नसेल तर दुसरीकडं बघा, जिल्ह्यात इंडक्शन करणारे कमी नाहीत.

नटच्या खिडकीचे, म्हणजे नट बसतो त्या पोकळीचे, कोपरे बघितलेत का? बोअरमधून निघालेली चीर बऱ्याचदा तिकडंच धावते. सॅम्पल मोजून ड्रॉइंग काढलं की कोपऱ्याची त्रिज्या हमखास बारीक येते, कारण सॅम्पलमध्ये तिथं माती आणि गंज बसलेला असतो. नट बसतोय तोवर त्रिज्या मोठी करा. बोअरच्या तोंडाची चॅम्फर नीट गोलसर हवी. तिथं टूलची रेघ राहिली तर पिन आत जाताना ती रेघच चिरेला वाट दाखवते.

मटेरियलबद्दल तुम्ही विचारलंय. बोरॉन स्टील, म्हणजे 35 एमएनबी जातीचं, या कामाला योग्यच आहे. पण टेस्ट सर्टिफिकेटवर बोरॉन 0.002 टक्के दिसलं म्हणून खूश होऊ नका. बोरॉन काम करतं ते मोकळं असलं तर. नायट्रोजननं त्याला धरलं की ते बोरॉन नायट्राइड होऊन बसतं, कागदावर दिसतं, क्वेंचमध्ये उपयोग शून्य. म्हणून टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घालून नायट्रोजन आधी बांधून घेतात. सर्टिफिकेटवर टायटॅनियम आणि नायट्रोजनचा रकाना नसेल तर मागा. आणि एक लिंक आडवी कापून गाभ्यापर्यंत हार्डनेस घ्या, हिशेब लगेच कळतो.

मँगनीज स्टीलचा मोह मलाही कळतो, नावच भारदस्त आहे. हॅडफील्डनं 1882 मध्ये काढलेलं, 11 ते 14 टक्के मँगनीजचं. मार खाऊन वरचा थर कडक होतो हे खरं, पण मार बसला तर. नुसतं घासणं असेल, म्हणजे जांभा, बारीक वाळू, लाल माती, तर ते कडक होण्याआधी झिजतं. वर ते ऑस्टेनिटिक, इंडक्शननं कडक होत नाही. यील्ड कमी, त्यामुळं पिनचा बोअर सैल व्हायची भीती वेगळीच. मोठ्या खाणशोवेलच्या ओतीव शूंना (चेनच्या पाटांना) ते चालतं, तुमच्या प्रेस फिट लिंकला नाही. आणि कोल्हापुरात राहून कुणीतरी म्हणणारच, "आपल्या फौंड्रीत एसजीत ओतूया की, निम्म्या पैशात होईल." (एसजी म्हणजे चिवट जातीचं ओतीव लोखंड.) फौंड्रीवर माझंही प्रेम आहे, उद्यमनगरात वाढलेला माणूस मी. पण 20 टनी चेनच्या लिंकमध्ये फोर्जिंगमधला धातूचा प्रवाह लिंकच्या आकाराबरोबर वळतो, ओतकामात तो नसतो. प्रयोग करायचाच तर आधी कमी वजनाच्या मशीनवर करा, आणि कुणाच्या तरी लेखी परवानगीनं.

फोर्जिंगवरून आठवलं. तापवताना वरचा कार्बन जळतो. रेलचा वरचा भाग मशीन न करता तसाच इंडक्शनला पाठवला तर हार्डनेस मऊ दाखवतो, मग इंडक्शनवाला वेळ वाढवतो, थर खोल जातो, आणि आपण परत बोअरपाशी. "हार्डनेस कमी" ही तक्रार तुमच्याकडं इथूनच सुरू झाली असेल तर मला नवल वाटणार नाही. फाईल मारून नाही, अर्धा-एक मिमी घासून मग हार्डनेस घ्या.

मशीन कुठं चालतंय तेही बघा. टोपच्या काळ्या दगडाच्या खाणीत मार जास्त. राधानगरी-शाहूवाडीकडं बॉक्साइटच्या भागात घासणं जास्त. शिरोळकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल चेनमध्ये गच्च बसतो, चेन आपोआप ताठ होते, मग पिन-बुशवरचा ताण वाढतो. ऑपरेटर ग्रीस मारून चेन अजून आवळतो, त्याला ताठ चेन चांगली वाटते. तुमच्या परत आलेल्या लिंका कुठल्या मशीनच्या, कुठल्या जागेवरच्या, याची वहीत नोंद ठेवा. सगळ्या खाणीतल्याच निघाल्या तर अर्धं उत्तर तिथंच आहे.

गिऱ्हाइकांना हेही सांगा की लिंकवर वेल्डिंगचा रन मारून रेल भरून घ्यायची असेल तर आमची जबाबदारी नाही. लोक बिनदिक्कत मारतात, प्रीहीटचं नाव नाही.

आता तुम्ही करायचं एवढंच: तडकलेली एक आणि त्याच लॉटमधली न तडकलेली एक, दोन्ही पिनच्या बोअरवर उभ्या कापा. पॉलिश करून 5 टक्के नायटल लावा, थराचा रंग वेगळा उमटेल. रेलपासून बोअरपर्यंत दर 2 मिमीवर हार्डनेस घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. सोबत बोअर आणि पिनची खरी मापं द्या, ड्रॉइंगवरची नकोत, मायक्रोमीटरनं घेतलेली, आणि प्रेसला किती टन लागले तेही. हे इथं टाकलंत की पुढचं बोलू. आणि तोपर्यंत गिऱ्हाइकानं डेबिट नोट पाठवली असेल तर तिच्यावर सही करू नका, "कारण तपासाधीन" असं लिहून परत पाठवा.