'रोटा लागेल' म्हणतात, तो खर्च खरंच गरजेचा आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील ७१ वर्षांचे, मधुमेह जुना, एलएडीला (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी) ९० टक्के ब्लॉकेज आणि रिपोर्टवर 'हेव्हिली कॅल्सिफाइड', म्हणजे कॅल्शियम खूप साचलेलं, असा शेरा. डॉक्टर म्हणतात आधी रोटा (धमनीतलं कडक कॅल्शियम घासून काढणारं फिरतं यंत्र), मग स्टेंट. स्टेंटच्या किमतीला सरकारी मर्यादा असताना एस्टिमेट एवढं फुगलं कसं, आपल्याला गंडवतायत का?

मी डॉक्टर नाही. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली) टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली, तेवढ्या आधारावर लिहितोय.

आधी पैशाचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली. २०१८ मध्ये ती थोडी कमीही झाली, पुढे वाढत गेली. ती मर्यादा फक्त स्टेंटला. रोटाचा बर (फिरणारं टोक), त्याची वायर, शॉकवेव्हचा बलून (तो काय ते पुढे सांगतो), आतून बघायचा कॅथेटर, सगळं त्याबाहेर. त्यामुळे बिल फुगलं म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण प्रत्येक वस्तू वेगळी लिहून मागा, आणि टीपीएकडून (विम्याचे दावे बघणारी संस्था) ती मंजूर आहे का ते ॲडमिशनच्या आधीच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी भांडून काही हाती लागत नाही.

आता कॅल्शियमचं. ते रक्तात तरंगत नसतं, धमनीच्या भिंतीत कवच होऊन बसलेलं असतं. अशा जागी साधा बलून फुगवला की दोन्ही टोकं फुगतात आणि मध्ये कंबर तशीच. स्क्रीनवर अगदी डमरू दिसतो. त्यावर दामटून स्टेंट सोडला तर तोही मध्ये आखडतो. नीट न उघडलेला स्टेंट म्हणजे पुढे गुठळी किंवा पुन्हा अरुंद होण्याला आमंत्रण, आणि एकदा बसला की काढता येत नाही. म्हणून जी काय मेहनत करायची ती स्टेंटच्या आधी.

रोटाच्या बरवर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि तो मिनिटाला साधारण दीड लाख फेरे घेतो. चुरा इतका बारीक होतो की बहुतेक केशवाहिन्यांतून निघून जातो. चांगला ऑपरेटर बर रेटत नाही. टोचा मारल्यासारखा पुढे नेतो, लगेच मागे घेतो, काही सेकंदांत थांबतो. आमचं एक लक्ष कन्सोलवरच्या आकड्यावर, कान आवाजावर. फेरे पाच हजारांहून जास्त घसरले किंवा आवाज बसला की बर अडतोय, मागे घ्या. धोके आहेतच: धमनी फाटणं, बर अडकणं, रक्तप्रवाह मंदावणं. म्हणून हे काम कधीमधी करणाऱ्याकडे नको.

दुसरा मार्ग शॉकवेव्ह, म्हणजे आयव्हीएल. किडनी स्टोन फोडायचं तत्त्वच इथे बलूनमध्ये आणलंय. बलून कमी दाबावर फुगवायचा आणि ध्वनिलहरींनी खोलवरच्या कॅल्शियमला तडे पाडायचे. करायला सोपं, पण आधी तो बलून ब्लॉकेजमधून पार जायला हवा. नाही गेला तर रोटाने वाट करून मग शॉकवेव्ह, असंही करतात, आणि मग खर्च दोन्हीकडून.

तर मग गरज कुणाला? २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एक्लिप्स या अमेरिकन चाचणीत दोन हजारांवर रुग्ण होते. रोटाचाच चुलतभाऊ असलेलं ऑर्बिटल यंत्र सरसकट वापरून, बलूनने तयारी करण्याच्या तुलनेत वर्षभरात काही जास्त फायदा दिसला नाही. अर्थात, दोन्ही मार्ग शक्य वाटले असेच रुग्ण त्यात होते. बलून जातच नसेल, तर रोटासारख्या यंत्राला पर्याय उरत नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: 'रोटा लागेल हे कशावरून ठरवलं?' नुसती अँजिओग्राफी बघून सांगितलं असेल तर आयव्हीयूएस किंवा ओसीटी (ध्वनिलहरींनी किंवा प्रकाशाने धमनीचं आतून चित्र घेणं) करणार का ते विचारा. ओसीटीत कॅल्शियमचा घेर १८० अंशांहून जास्त, जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आणि लांबी ५ मिलिमीटरवर, असं तिन्ही दिसलं तर साध्या बलूनच्या भरवशावर राहू नये. स्टेंटनंतर पुन्हा आतून बघून तो किती उघडला हेही मोजायला सांगा. माझ्या मते एस्टिमेटमधली काटछाट या आतून बघण्यात करू नये. लोक नेमकी इथेच करतात.

तुमच्या आईने वडिलांचं दूध बंद केलंय म्हणालात, ते खुशाल सुरू करा. भिंतीतलं कॅल्शियम दुधाने येत नाही. वय, मधुमेह, किडनीचे आजार ही खरी कारणं. आणि चिलेशनच्या (शरीरातले धातू बाहेर काढायच्या औषधाच्या) सलाइनने हे विरघळतं असं कुणी सांगत असेल तर त्याच्या दारातही जाऊ नका.

बायपासचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मधुमेह असून एकाहून जास्त मुख्य धमन्या खराब असतील तर बायपास सरस, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीत दिसलंय. त्यामुळे अँजिओग्राफीची सीडी एकदा हार्ट सर्जनलाही दाखवा. इथे उजव्या धमनीचा आणि सर्कमफ्लेक्सचा (डावीकडची दुसरी मुख्य धमनी) रिपोर्ट काय आहे ते लिहा, आणि क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी). ते वाढलेलं असेल तर डाय (धमनी दिसावी म्हणून सोडतात ते द्रव्य) जपून वापरावा लागेल आणि डाय लागणाऱ्या ओसीटीऐवजी आयव्हीयूएस बरं पडेल.