बायपोलर डिसऑर्डर असताना येणारा अनावर राग कसा हाताळावा?

तुम्ही लिहिले आहे की तीन वर्षांपूर्वी तुम्हाला बायपोलरचे, म्हणजे मूड कधी अति चढतो तर कधी नैराश्यात खचतो अशा आजाराचे, निदान झाले, औषधे नियमित चालू आहेत, तरीही महिन्यातून दोन-तीनदा राग इतका अनावर होतो की तुम्ही ओरडता, हाताला लागेल ते फेकता, आई दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेते आणि पुढचे दोन दिवस अपराधीपणामुळे तुम्हाला तिच्याशी बोलवत नाही. हा राग आजाराचा की स्वभावाचा, आणि तो त्या क्षणी आवरावा कसा, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही, गेली चौदा वर्षे हाच आजार घेऊन जगते आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. राग पूर्ण भडकल्यावर माझ्या हातात फारसे काही उरत नाही. जे करता येते ते त्याच्या दोन-तीन दिवस आधी करता येते.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना एका सकाळी ती दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती. नेहमीच्याच वेगाने बांधत होती, हे आज कळते. त्या वेळी मात्र ती मला चिडवण्यासाठी मुद्दाम वेळ काढते आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी तिच्या हातातला बूट ओढून भिंतीवर फेकला. ती काही बोलली नाही. उठली, बूट उचलून आणला आणि पुन्हा नाडी बांधू लागली, पण बोटे थरथरत असल्याने गाठ बसेना. त्यानंतर कित्येक महिने ती बूट हातात घेऊन बाहेर जाई आणि जिन्यात बसून घाली.

त्या सकाळच्या आधीच्या तीन रात्री मी जेमतेम चार-चार तास झोपले होते आणि तरीही मला थकवा नव्हता. मध्यरात्री कपाटे आवरत होते, नातेवाइकांना लांबलचक मेसेज पाठवत होते, आणि सगळे जग माझ्यापेक्षा सावकाश चालले आहे असे मला वाटत होते. मॅनिया म्हणजे आनंदाचे उधाण, अशी समजूत असल्यामुळे ही आजाराची चाहूल आहे हे घरात कोणाच्याही लक्षात आले नाही. वास्तविक निदानाच्या निकषांमध्ये अति उत्साहाच्या बरोबरीने चिडखोर मनःस्थितीलाही स्थान आहे: अशी अवस्था, वाढलेल्या ऊर्जेसह आणि इतर लक्षणांसह, किमान ७ दिवस टिकली तर तिला मॅनिया म्हणतात, आणि तीच सौम्य स्वरूपात सलग ४ दिवस असली तर हायपोमॅनिया. म्हणजे काहींच्या बाबतीत चढता मूड हसत येत नाही, चिडत येतो. माझा तसाच येतो.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. त्यात झोपायला गेल्याची वेळ, जाग आल्याची वेळ आणि तिसऱ्या रकान्यात नवऱ्याला मी त्या दिवशी कशी दिसले, एवढेच असते. तिसरा रकाना तो भरतो, कारण चढत्या मूडमध्ये स्वतःचे मोजमाप स्वतः करणे मला जमत नाही. मला मी उत्तमच वाटत असते. ‘आज समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नव्हती’, ‘दारे जोरात लावत होती’, अशा त्याच्या साध्या नोंदींनी मला अनेकदा वाचवले आहे. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली आणि दिवसा थकवा जाणवला नाही, तर मी डॉक्टरांना फोन करते. अशा वेळी काय करायचे हे त्यांनी आधीच लिहून दिलेले आहे. गोळ्यांचे प्रमाण मी मनाने वाढवत नाही आणि औषध कधीही एकदम बंद करत नाही. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारे औषध अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

मी मात्र प्रत्येक राग आजाराच्या नावावर टाकत नाही, आणि तुम्हीही टाकू नये. निदानानंतर काही वर्षे आमच्या घरात माझा आवाज जरा चढला की ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न यायचा. त्या प्रश्नाइतके अपमानास्पद मला दुसरे काही वाटले नाही, कारण त्याने माझी तक्रार ऐकण्याआधीच बाद होत असे. एकदा मला न विचारता आमच्या बचतीची रक्कम दुसरीकडे गुंतवली गेली आणि मी संतापले. त्या दिवशी मी बोलले नाही. वहीत तारीख घालून तक्रार लिहिली आणि दोन रात्री नीट झोप होऊ दिली. तिसऱ्या दिवशी वाचली, तेव्हा धार कमी झाली होती, पण मुद्दा जागच्या जागी होता. मग मी तो शांतपणे मांडला आणि नवऱ्याने चूक मान्य केली. झोप पूर्ण झाल्यावरही जी तक्रार उरते ती माझी असते आणि ती बोलून दाखवण्याचा मला पूर्ण हक्क आहे, असे मी मानते.

नैराश्यातला राग वेगळा असतो. त्यात आवाज, उजेड, कोणाचे जवळ येणेही नकोसे होते. सर्वांत धोक्याची मला संमिश्र अवस्था वाटते. मन खचलेले आणि अंगात मात्र बेचैन ऊर्जा, अशा स्थितीत राग स्वतःवरही उलटतो. आत्महत्येचे विचार येत असतील किंवा कोणाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

त्या क्षणासाठी आमच्या घरात एकच करार आहे, आणि तो आम्ही मी पूर्ण बरी असताना केला. नवरा ‘शांत हो’ म्हणत नाही, त्याने माझा भडका वाढतो. तो फक्त ‘वही लिहिलीस का?’ असे विचारतो. हे वाक्य मी निवडलेले असल्यामुळे ते मला टोमण्यासारखे लागत नाही. ते ऐकल्यावर मी ‘अर्ध्या तासाने येते’ असे सांगून खोलीबाहेर जाते, फोन मागे ठेवते, आणि कोणीही माझ्या मागे येत नाही. परत येणे हाही कराराचाच भाग आहे.

माफीविषयी माझे मत ठाम आहे. ‘आजारामुळे झाले’ हे पहिले वाक्य असू नये. मी मुलीला सांगितले, “मी तुझा बूट फेकला, तू घाबरलीस, तुझी काहीही चूक नव्हती.” आजाराविषयी तिला समजावणे पुढच्या आठवड्यात, तिने विचारले तेव्हा केले.

डॉक्टरांना नुसते ‘राग येतो’ असे सांगू नका. मागच्या प्रसंगांच्या तारखा, त्याआधीच्या रात्रींची झोप आणि मद्य, कॉफी किंवा नवे औषध यांपैकी काय चालू होते, ते लिहून न्या. नैराश्यासाठी दिलेली औषधे मूड स्टॅबिलायझरशिवाय, म्हणजे लिथियमसारख्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, घेतल्यास काहींचा मूड वर ढकलला जातो; स्टिरॉइडने चिडचिड वाढू शकते; थायरॉइडचा बिघाडही कारण असू शकतो. लिथियम चालू असेल तर रक्तातील पातळी तपासली आहे ना ते विचारा, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नका, कारण त्यांनी ती पातळी धोकादायक वाढू शकते.

आणि आईशी बोला. ती दार लावून घेते म्हणजे काहीतरी तिला तुमच्या आधी दिसते. दोघेही शांत असाल अशा दिवशी तिला विचारा की मी ओरडण्याच्या आदल्या दिवशी तुला माझ्यात काय वेगळे दिसते. ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या.