कुठे पाहिलात?

प्रिय पोरी,

काल आमच्या जुन्या सिनेमांच्या बैठकीतून तू उठून गेलीस तेव्हा तुझा चहा अर्धाच राहिला होता. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला आणि आम्ही सहा म्हातारे एकमेकांची तोंडं बघत बसलो. तू बोललीस ते एवढंच: ‘संत तुकाराम’ संथ वाटला, तुकाराम झालेले पागनीस पटले नाहीत, सिनेमा खरा त्याच्या बायकोचा, जिजाईचा. त्यावर आमच्यातले काका कडाडले, ‘तुमच्या पिढीला नाही कळायचं ते.’ घर माझं, बैठक माझी, तरी मी मध्ये पडलो नाही. ते मला रात्रभर खात होतं.

जिजाईचं तुझं म्हणणं मला पटतं. १९३६ सालचा सिनेमा, आणि त्यात जिजाई झालेली गौरी कुठेही नटलेली वाटत नाही. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते आणि थेट विठ्ठलालाच फैलावर घेते. शेवटी नवरा गरुडावर बसून वैकुंठाला निघतो, तेव्हा ही खाली राहते, चूल आणि पोरं सांभाळत. भक्तिपटात देवाशी भांडणारी बाई ठेवायची आणि तिला शेवटपर्यंत खोटी पाडायची नाही, हे दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी केलं. काल तू यातलं काही बोलली असतीस तर काकांचा आवाज आपोआप खाली आला असता. तू म्हणालीस, ‘गौरी भारी आहे.’ मला पण वाटतं भारी आहे. पण कुठे? कोणत्या जागी? बोट ठेवता आलं पाहिजे. मत कसंही असो, त्याला एक प्रसंग बांधलेला असला की समोरच्याला तो प्रसंग आठवावा लागतो, आणि आठवायला लागला की माणूस भांडायचं जरा विसरतो.

आता तुझी चूक. परवा तू मला कळवलंस की मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिला. दीडपट वेगाने पाहून संथ! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. अगं, विष्णुपंत दामले मुळात ध्वनिमुद्रणाचा माणूस, फत्तेलाल कलादिग्दर्शक. केशवराव भोळ्यांचं संगीत. या सिनेमाची चाल अभंगाच्या चालीने ठरलेली आहे. टाळ दीडपट वाजवलेस तर वारी पळत सुटेल, तुकाराम पाहायला मिळणार नाही. आणि पागनीस तर पार हरवतील. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. त्यांच्यात तो बायकी मऊपणा आहे म्हणून तुकारामाला ते शोभतील का, अशी शंका तेव्हा सिनेमा काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीतही निघाली होती. तुला जे गुळमुळीत वाटलं ते बहुतेक तेच. पण नीट वेगाने पाहा, गाताना मान किती कमी हलते ते पाहा. त्यानंतरही नाही आवडले तर नाही आवडले. मी काही पागनिसांचा वकील नाही.

(हाच सिनेमा १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला, हे तुला बैठकीत कुणीतरी ऐकवेलच. ऐकून घे. ते तुझ्या मताचं उत्तर नव्हे. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, हेही उत्तर नव्हे. आमच्यातले दोघे आठवडे मोजण्यात पटाईत आहेत.)

मी तुला शहाणपण शिकवतोय, तर माझी फजिती पण सांगतो. पंचविशीत असताना एका घरगुती कार्यक्रमात मी ‘आधी बीज एकले’ म्हटलं आणि वर ऐटीत सांगितलं की हा तुकोबांचा अभंग. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘गाथेत कुठे आहे रे?’ मी म्हटलं, घरी जाऊन काढून दाखवतो. दोन रात्री गाथा चाळली. नाही सापडला. सापडणार कसा, तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला! फसणारा मी पहिला नव्हतो, शेवटचाही नसेन. गाणं उतरलंयच तसं. त्या आजोबांनी माझा पाणउतारा केला नव्हता, फक्त विचारलं होतं. म्हणून मी दोन रात्री गाथा वाचली. ओरडले असते तर मी आयुष्यभर तो अभंगच मानला असता, हट्टाने.

दुसरी फजिती ‘कुंकू’ची, आणि ती जास्त लागली. १९३७ चा, व्ही. शांतारामांचा. म्हातारा नवरा केशवराव दाते आणि त्याच्याशी फसवून लग्न लावून दिलेली शांता आपटे. मी तो एका फिल्म सोसायटीत पाहिला होता, मग बरीच वर्षं नाही. एकदा असाच वाद रंगला असताना मी छातीठोक म्हणालो, ‘काय पार्श्वसंगीत आहे! अंगावर काटा येतो.’ कुणी काही बोललं नाही. पुढे पुन्हा पाहायचा योग आला तेव्हा कान देऊन ऐकलं. पार्श्वसंगीत नाहीच त्यात! घड्याळाची टिकटिक, पावलं, भांडी, दारं. गाणीसुद्धा कुणीतरी म्हणतं म्हणूनच येतात. जो काटा मला आठवत होता तो शांततेचा होता, आणि मधल्या वर्षांत माझ्या डोक्याने तिथे व्हायोलिन भरून टाकलं होतं. तेव्हापासून जुन्या सिनेमाबद्दल बोलायच्या आधी मी तो शक्य असेल तर पुन्हा पाहतो. शक्य नसेल तर सरळ म्हणतो, ‘चाळीस वर्षांपूर्वी पाहिलाय, आठवतो तसा सांगतो.’

आता ‘शेजारी’चा किस्सा, तू यायला लागलीस त्याच्या आधीचा. सिनेमा एका हिंदू पाटलाच्या आणि त्याच्या मुसलमान शेजाऱ्याच्या, मिर्झाच्या, दोस्तीचा. दोन सभासद हातघाईवर यायचे बाकी होते. एक म्हणे, व्ही. शांतारामांनी मुद्दाम मुसलमान नटाला हिंदू केलं आणि हिंदू नटाला मुसलमान, त्यातच सगळी गंमत आहे. दुसरा म्हणे, काहीतरीच, पाटलाच्या कामात केशवराव दाते आहेत, मी या डोळ्यांनी पाहिलेत. तासभर चाललं. शेवटी एक बाई, ज्या एरवी विणकामातून मान वर काढत नाहीत, म्हणाल्या, ‘तुम्ही हिंदी पाहिला का मराठी?’ झालं. ‘प्रभात’ तेव्हा एकच सिनेमा दोन भाषांत काढायची: ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. १९४१ च्या ‘पडोसी’त हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीत मिर्झा जागीरदारच, पण पाटील केशवराव दाते. म्हणजे अदलाबदल पुरती आहे ती हिंदीत. दोघेही खरं बोलत होते आणि तासभर एकमेकांना खोटं ठरवत होते.

त्या बाईंचा प्रश्न मी तेव्हापासून चोरलाय. कोणता पाहिलात, कुठे पाहिलात, कधी पाहिलात. काल तू काकांना हे विचारायला हवं होतंस. तू गेल्यावर मी विचारलं. उशिराच, पण विचारलं.

ते सांगत होते: गावाच्या जत्रेत तंबू लागला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये दोरी. जमिनीवर बसायचं, ज्याने त्याने आपापलं पोतं आणायचं. आजीने त्यांना मांडीवर घेतलेलं. तंबूच्या दाराशी आजीने पायातल्या वहाणा काढल्या आणि पदराखाली धरून आत आली, देवळात जावं तशी. मध्येच रीळ तुटलं, अंधार झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि त्या अंधारात बायकांच्या बाजूने कुणीतरी अभंग पुढे चालू केला. पडद्यावर काही नाही, आणि गाणं चाललंय. हे सांगताना काकांनी चष्मा काढून ठेवला. काल ते तुझ्यावर ओरडले ते पागनिसांसाठी नव्हेच गं.

आता याला सिनेमाबद्दलचं मत म्हणायचं का? मी नाही म्हणणार. पागनीस कसे दिसले हे काकांना धड आठवतही नव्हतं, मी खोदून विचारलं. पण ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, ठाऊक आहे ना? १९३१ चा, आपला पहिला बोलपट, आणि तो कुणालाच पाहता येत नाही. तेव्हा तो पाहिलेल्यांना कुणी खोदून विचारलं असतं तर केवढं काय हाती लागलं असतं. काकांना मत मागू नकोस, साक्ष माग. मत तुझं तू कर, ते काकांच्या डोळ्यांनी व्हायचं नाही.

आणि हो, तू ‘अशी ही बनवाबनवी’चं नाव काढलंस तेव्हा कुणीतरी नाक मुरडलं, ‘ती तर हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची नक्कल.’ कथा तिथलीच आहे, ते खरं. मग १९६६ चा तो पाहा, १९८८ चा हा पाहा, आणि सांग काय बदललं. मराठी घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांचं जे काही आहे ते कथेबरोबर उसनं आलेलं नाही, एवढं माझं म्हणणं. पाहून झालं की भांडू.

पुढच्या रविवारी ‘शेजारी’ लावतोय, मराठी. धरणाच्या शेवटच्या प्रसंगाला फोन खाली ठेव. काका येणार आहेत, मी त्यांना तुझ्या शेजारची खुर्ची दिली आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते आजीच्या वहाणांचं पुन्हा सांगतील. पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक आणि त्या तंबूत तिकीट किती होतं ते विचार, ते माझं विचारायचं राहून गेलं.

तुझा,
बैठकवाला आजोबा